जुन्या नाण्यांची पारख

वऱ्हाडात लक्ष्मीपूजनाच्या पाटावर अजूनही पुष्कळ घरी एखादा तरी चांदीचा रुपया मांडतात. कुणाकडे राणीछाप, कुणाकडे राजाछाप. वर्षभर तो पेटीतल्या फडक्यात बांधलेला असतो. दिवाळी आली की बाहेर निघतो, चिंच आणि राख लावून घासला जातो आणि लखलखीत होऊन पाटावर बसतो. अशा वेळी घरातला शाळकरी नातू हमखास विचारतो, "आबाजी, हा रुपया केवढ्याचा होय?" आबाजी म्हणतात, "चांदीचा हाये बाप्पा! केवढ्याचा, ते सराफालेच इचारा लागन."

आबाजींचे उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धे आहे. सराफाचा काटा वजन सांगतो आणि सराफाची कसोटी धातू सांगते. पण नाण्याला आणखी एक मोल असते. ते नाणे कोणते, कुठल्या सालचे आणि आज त्याची स्थिती कशी आहे, यावर ते ठरते. हे मोल ओळखणे म्हणजेच नाण्याची पारख. ती येत नसल्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. एक तर जपून ठेवण्याजोगे नाणे मोडीत निघते. नाही तर, फसवणाऱ्याच्या थापांना भुलून माणूस दोन रुपयांच्या नाण्याला दोन लाखांचे समजू लागतो. म्हणून छंद म्हणून नाणी जमवणाऱ्यांनी, आणि शाळेत मुलांना इतिहास शिकवणाऱ्या गुरुजींनी, ही पारख थोडीफार शिकून घ्यावी. त्यात अवघड काही नाही. लागते ते एक भिंग, खिडकीजवळचा उजेड आणि पुष्कळसा धीर.

प्रथम धातू आणि वजन पाहू. इंग्रजी अमलात १८३५ साली सगळ्या कंपनी मुलुखासाठी एकच रुपया ठरला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हेच एका तोळ्याचे वजन. म्हणून आपल्याकडे जुनी माणसे वजनाच्या ऐवजी काट्यात रुपये टाकीत. ऐंशी रुपयांचा शेर होई. या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. हे प्रमाण १९३९ पर्यंतच्या रुपयात टिकले. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण झाली आणि १९४० पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. त्याच्या मागे वाघ आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा रुपया चिकटत नाही. तेव्हा "रुपया जुना आहे, म्हणजे चांदीचा असेलच" हे म्हणणे आधी सोडून द्यावे. साल वाचावे, मग बोलावे.

आता नाण्याची स्थिती. नाणे टाकसाळीतून निघाले त्या दिवशी जसे होते, त्यापासून आज ते किती दूर गेले आहे, हे पाहणे म्हणजे स्थिती पाहणे. नाणे हातोहात फिरते, कशात ठेवले जाते, खिशात दुसऱ्या नाण्यांवर घासते. या घासण्यात सर्वांत आधी काय झिजते? जे सर्वांत उंच आहे ते. शेतातल्या ढेकळांवरून वखर फिरला की आधी उंच ढेकूळ फुटते, तसेच हे. म्हणून पारख करणारा सगळ्या नाण्याकडे सारखेच पाहत नाही. त्याची नजर प्रथम उंच जागांवर जाते.

राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर कानाजवळचे केस, गाल आणि छातीवरच्या वस्त्राची नक्षी आधी झिजते. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही. तिथे कानाची पाळी, कानावरचे केस आणि दाढी पाहावी. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुटाचा मधला पट्टा, कान, मिशी आणि झग्यावरचा इवलासा हत्ती पाहावा. या हत्तीची एक गंमत आहे. १९११ साली काढलेल्या पहिल्या रुपयांवर हा हत्ती इतका आखूड सोंडेचा उमटला, की लोकांना तो डुकरासारखा वाटला. त्यावर ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरून घ्यावा लागला. आज १९११ चा रुपया शौकीन लोक मुद्दाम शोधतात. पण नाणे फार झिजलेले असेल तर हत्ती काय आणि डुक्कर काय, दोन्ही सपाट! स्थिती पाहावी लागते ती यासाठीही.

नाणी जमवणाऱ्यांनी स्थितीच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. त्यांची इंग्रजी नावेच आपल्याकडे बाजारात चालतात, म्हणून ती ओळखून असावी. 'गुड' म्हणजे नावापुरते चांगले. खरे तर झिजून गेलेले. राजा कोण ते कळते, साल कसेबसे लागते, बाकी सपाट. 'फाइन' म्हणजे बरे. अक्षरे पूर्ण, चेहरा स्पष्ट, पण केसांच्या बटा एकमेकींत मिसळलेल्या. 'व्हेरी फाइन' म्हणजे चांगले. बटा वेगळ्या दिसतात, मुकुटातले खडे बहुतेक मोजता येतात, उंच जागा मात्र गुळगुळीत. 'एक्स्ट्रीमली फाइन' म्हणजे उत्तम. अगदी टोकाच्या जागीच किंचित घास आणि खोलगट भागात टाकसाळीची झळाळी शिल्लक. आणि 'अनसर्क्युलेटेड' म्हणजे कोरे. बाजारात न फिरलेले. कोऱ्या नाण्यावरही बारीक खोचा असू शकतात, कारण टाकसाळीत नाणी पिशव्यांत एकावर एक पडतात. तो दोष झिजेचा नव्हे. 'प्रूफ' हा शब्दही कानावर येतो. ती पायरी नव्हे. संग्राहकांसाठी खास घासलेल्या ठशांनी, खास चकतीवर काढलेले ते नाणे असते.

अमेरिकेत डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० असे गुण लावण्याची रीत काढली. सत्तर गुणांचे नाणे एक गुणाच्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचे, असा त्यांचा तेव्हाचा हिशेब होता. किमतीचा तो हिशेब पुढे टिकला नाही, पण गुण टिकले. आज परदेशातल्या कंपन्या नाणे तपासून, गुण लिहून, प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात. आपल्याकडच्या लिलावांतही अशा डब्या दिसतात. शौकासाठी जमवणाऱ्याने त्या आकड्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. ६३ आणि ६४ यांतला फरक दोन जाणत्यांतही वादाचा होतो. बरे, चांगले, उत्तम, कोरे एवढे ओळखता आले तरी पुष्कळ झाले.

नवशिक्याचा नेहमी घोटाळा होतो तो झिजलेले नाणे आणि नीट न उमटलेले नाणे यांत. ठसा हलका बसला किंवा ठसाच जुना झाला, तर कोऱ्या नाण्यावरही एखादा भाग पुसट असतो. मग ओळखावे कसे? नाणे खिडकीजवळ कडेला धरून हळूहळू फिरवा. ठसा चकतीवर दाबला जातो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा राहतात. त्यांवरून उजेड परावर्तित झाला की नाण्यावर प्रकाशाची पाती पवनचक्कीसारखी फिरताना दिसतात. पुसट भागावरूनही ही पाती सरळ गेली, तर तो ठशाचा दोष. त्या भागावर पाती तुटली आणि तिथे मंद, करडा डाग दिसला, तर ती झीज.

इथेच आपल्या चिंचेचा आणि राखेचा प्रश्न येतो. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तो काळा थर म्हणजे चांदीचाच झालेला बदल होय. राखेने घासला की तो थर निघतो, म्हणजे वरची चांदीच निघते. आणि तिच्याबरोबर त्या बारीक रेषाही जातात. मग जी चमक येते ती टाकसाळीची नव्हे, घासलेल्या गुंडीची. जाणत्या माणसाला ती लांबून कळते. घासलेल्या उत्तम नाण्यापेक्षा न घासलेले काळपट नाणे केव्हाही अधिक मोलाचे. पन्नास दिवाळ्या राखेने घासलेल्या रुपयावर राणीचे नाक शिल्लक राहिले, तरी नशीब म्हणायचे!

मग पूजा करू नये काय? पूजा अवश्य करावी. एक-दोन रुपये पूजेचे म्हणून वेगळे ठेवावे आणि दरवर्षी तेच मांडावे. बाकीची नाणी घासू नयेत. माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवून, मऊ कापडावर ठेवून, न चोळता टिपून घ्यावी. एवढे केले तरी एका घरातला ठेवा पुढच्या दोन पिढ्यांना जसाच्या तसा मिळेल.

झिजेखेरीज दुसरे दोष म्हणजे जखमा. भोक पाडलेले, कडी डाखलेले, चाकूने नाव कोरलेले नाणे संग्राहकाच्या लेखी खाली उतरते, मग चेहरा कितीही स्वच्छ असो. आपल्याकडे अशी नाणी फार, कारण नाणे हा दागिनाही होता. मेळघाटातल्या कोरकू बायांच्या गळ्यात रुपयांच्या माळा असत; बंजारा बायांच्या वेशातही नाणी असत. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यावरून आली. त्यावरच्या मानवी आकृतीमुळे तिला पुतळी म्हणू लागले. अशा माळेतले नाणे कडी तोडून 'दुरुस्त' करू नये. कडी काढली तरी डाग राहतोच, आणि माळ मात्र जाते. ती माळ म्हणूनच जपावी. तिचा इतिहास माळेत आहे.

आता खऱ्या-खोट्याची गोष्ट. आपण चांगल्या माणसाला खणखणीत नाणे म्हणतो, ते उगीच नाही. पूर्वी बाजारात रुपया वाजवून घेत. पण फरशीवर आपटून वाजवला तर कडेला खोच पडते. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. चांदी लांब, गोड वाजते, शिसे किंवा जस्त बद्द वाजते. मग सराफाकडून वजन करून घ्यावे. ११.६६ ग्रॅमऐवजी थोडे कमी भरले तर ती झीज असू शकते; पण चेहरा कोरा आणि वजन दीड ग्रॅम कमी, असे असेल तर संशय घ्यावा. भिंगातून कड पाहावी. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ असते, अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात, अक्षरे साबणासारखी गुळगुळीत असतात.

जुने तेवढे दुर्मीळ, हाही एक गैरसमज. १८६२ साल छापलेला राणीचा रुपया सहज मिळतो, कारण ते साल ठशावर तसेच ठेवून पुढे बरीच वर्षे रुपये पाडले. नवे साल आले ते १८७४ मध्ये. उलट त्याहून ७७ वर्षांनी नवा असलेला १९३९ चा रुपया फार थोडा आढळतो, आणि म्हणूनच त्याच्या नकला फार. एखादा १९३९ चा रुपया स्वस्तात देऊ लागला, तर आधी आकडे भिंगातून पाहा. ९ चा आकडा कोरून बनवलेला नाही ना?

आतापर्यंत सांगितले ते यंत्राच्या नाण्यांविषयी. त्यांना आपले लोक कलदार म्हणत. हाताने पाडलेल्या नाण्यांची तऱ्हा निराळी. शिवराईचेच पाहा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून एका नाण्यावर सगळी अक्षरे क्वचितच सापडतात. एखाद्यावर 'राजा' आहे तर 'श्री' नाही. हा दोष झिजेचा नव्हे, घडणीचा. अशा नाण्याची पारख करताना तीन गोष्टी पाहाव्या: ठसा मध्यावर बसला काय, किती अक्षरे चकतीवर आली, आणि आलेली अक्षरे किती स्पष्ट आहेत. आपल्या अचलपूरला, म्हणजे जुन्या एलिचपूरला, टाकसाळ होती आणि तिथली तांब्याची नाणी वऱ्हाडात अजून मिळतात. त्यांवरचा फारसी मजकूरही असाच तुकड्यातुकड्यांनी येतो. टाकसाळीचे नाव ज्यावर पूर्ण आले, ते नाणे थोडे झिजके असले तरी हातचे सोडू नये. तांब्यावरचा घट्ट, काळसर-हिरवा थर हे त्याचे कवच आहे. तो खरवडू नये. फिकट हिरवी, भुरभुरीत पूड दिसली तर मात्र तो तांब्याचा रोग समजावा, ते नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे.

आणि आता पारखीपेक्षाही मोठी गोष्ट. १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा या गावी जुन्या नाण्यांचा साठा सापडला. १९९८ पासून हा भाग वाशीम जिल्ह्यात आहे. नाणी सुमारे सोळाशे होती; सातवाहन राजांची, पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडलेले उज्जैनी चिन्ह. दिसायला म्हणाल तर काळी, ओबडधोबड, अर्धवट अक्षरांची. चांदी नाही, सोने नाही. वजनावर विकली असती तर भांड्याच्या मोडीचा भाव आला असता, आणि आपल्या पायऱ्यांवर बहुतेकांना 'गुड'च्या वर कुणी चढवले नसते. पण महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती अभ्यासली. त्यांत गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञश्री यांची नाणी तर होतीच. शिवाय कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावे त्यांवर निघाली.

यातून काय घ्यायचे? अशा नाण्यांत एकावर नावाची सुरुवात असते, दुसऱ्यावर शेवट. दोन्ही शेजारी ठेवली तर नाव लागते. साठा फुटला, दहा घरी दहा नाणी गेली, चारदोन घासली, चारदोन वितळली, की ते नाव कायमचे गेले. पायरी म्हणजे स्थितीचे माप. ती मोलाचे सगळे माप नव्हे. बाजारात जे नाणे शेवटच्या पायरीवर बसते, ते इतिहासात पहिल्या पंगतीला बसू शकते.

म्हणून वखरताना, विहीर खणताना, जुने घर पाडताना मडक्यात नाणी निघाली तर ती जशी आहेत तशी, मडक्यासकट ठेवावी. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांवरच्या मोलाचा गुप्तधनाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लोक भितात ते "सरकार सगळंच घेऊन जाईन" म्हणून. पण ठेव्याला मालक नाही असे ठरल्यावर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमिनीच्या मालकाला एक हिस्सा, अशी त्या कायद्यात सोय आहे. सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यायचे ठरवले तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त धरून पैसे द्यावे लागतात. लपवण्यात मात्र शिक्षा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असावे.

फसवणुकीचा दुसरा रस्ता अलीकडचा. फोनवर निरोप येतो, "तुमच्याकडे अमुक नाणे असेल तर पाच लाख देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा." अशा जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरतात म्हणून २०२१ साली बँकेने स्वतः लोकांना सावध केले. खरा घेणारा नाणे पाहायला मागतो. आधी पैसे मागत नाही.

शिक्षक बंधु-भगिनींसाठी एक सोपा पाठ सुचवतो. त्याला जुने नाणे लागत नाही. मुलांना घरून पाच रुपयांची जुनी जाड नाणी आणायला सांगा. सालाप्रमाणे ओळीत लावा आणि भिंगातून अशोकस्तंभाचे सिंह पाहायला लावा. आधी काय झिजले ते मुले आपणच सांगतील. मग सालाखालची खूण पाहा: मुंबईच्या टाकसाळीची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका; कोलकात्याला खूण नसते. शेवटी एकच नाणे सगळ्यांच्या हातून फिरवा आणि प्रत्येकाला त्याची पायरी गुपचूप कागदावर लिहायला सांगा. उत्तरे निराळी येतील. का आली, याची चर्चा करा. निरीक्षण म्हणजे काय, आणि दोन प्रामाणिक माणसांचे मत निराळे का पडते, हे पोरांना पुस्तकातल्या चार पानांपेक्षा त्या एका नाण्यावरून चांगले कळेल.

जमवलेली नाणी साध्या कागदी पाकिटात एकेक ठेवावी. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत काही वर्षांनी चिकट हिरवा थर येतो. रबरबँडने चांदी काळी पडते. प्रत्येक पाकिटावर साल, वजन, पायरी, आणि नाणे कुठून व कुणाकडून आले, एवढे पेन्सिलीने लिहावे. यांत शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. वजन उद्याही करता येईल, पायरी उद्याही लावता येईल. पण "हा रुपया आजीच्या माळेतला" हे सांगणारे माणूस उद्या असेलच असे नाही.